अस्वलाला जंगल शिकवायचं कुणी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं किंवा लोकलच्या गर्दीत निम्मं ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. बोलताना सुटलेल्या दोन-चार गोष्टी लिहिताना घातल्या आहेत, बाकी सगळं तेच.

२०२३ च्या जुलैअखेरीस चीनमधल्या हांगझोऊच्या प्राणिसंग्रहालयातला एक व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. एक काळं, अंगानं सडपातळ अस्वल मागच्या दोन पायांवर सरळ उभं आहे. पाठीमागे कातडीला घड्या पडल्यात, कुणी ढगळ पँट घालावी तशा. लोक म्हणाले, अरे हे अस्वल कसलं, हा तर ड्रेस घातलेला माणूस आहे! शेवटी प्राणिसंग्रहालयाला जाहीर खुलासा करावा लागला, की नाही हो, हे खरंखुरं अस्वल आहे, सन बेअर नावाच्या जातीचं. जगभर हशा पिकला, मीम्स झाली आणि आठवड्याभरात सगळे दुसऱ्या व्हिडिओकडे वळले.

मी मात्र तिथंच अडकलो. कारण या प्राण्याचा इतिहास वाचायला घेतला आणि लक्षात आलं, की गेली दोनशे वर्षं माणसं सन बेअरकडे बघून हेच एक वाक्य बोलत आली आहेत: किती माणसासारखं आहे! या प्राण्यावर जी संकटं आली, त्यातली बरीचशी याच कौतुकातून आलीत. आजचा भाग त्या कौतुकाचा इतिहास आहे. आणि त्या कौतुकातून बाहेर काढून अस्वलाला परत जंगलात पोचवायचं म्हणजे नक्की काय करायचं, याचाही.

आधी ओळख करून घेऊ. जगात अस्वलांच्या आठ जाती आहेत आणि सन बेअर त्यातलं सगळ्यात लहान. वजन साधारण २५ ते ६५ किलो. आपल्या मेळघाटात किंवा ताडोबात दिसतं ते झिपरं अस्वल वेगळं. सन बेअरचे केस आखूड आणि तुकतुकीत असतात. छातीवर पिवळसर किंवा नारिंगी पट्टा असतो, उगवत्या सूर्यासारखा, म्हणून हे नाव. प्रत्येकाचा पट्टा वेगळा, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा. नखं लांब आणि वाकडी, झाडावर चढायला आणि कुजलेलं लाकूड फोडायला. जीभ २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत लांब, पोळ्यातला मध आणि बिळातली वाळवी काढायला. मानेभोवतीची कातडी इतकी सैल, की कुणी मागून पकडलं तर आतल्या आत वळून चावा घेता येतो. व्हिडिओतल्या त्या ‘ढगळ पँट’चं रहस्य असल्याच सैल कातडीत आहे. जंगलात हीच कातडी जीव वाचवते.

हे अस्वल आग्नेय आशियात सापडतं: म्यानमार, थायलंड, कंबोडिया, मलेशिया, सुमात्रा, बोर्निओ. आणि भारतातही सापडतं, आपल्या ईशान्येकडच्या काही राज्यांत. मलय भाषेत त्याला ‘बेरुआंग मादू’ म्हणतात, म्हणजे मध खाणारं अस्वल.

आता चला १८१८ मध्ये. हे साल मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ज्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीनं इकडे पेशवाई संपवली, त्याच वर्षी त्याच कंपनीचा एक अधिकारी सुमात्रा बेटावरच्या बेंकूलेन नावाच्या ठाण्यावर कारभार बघायला उतरला. त्याचं नाव स्टॅमफर्ड रॅफल्स. पुढच्याच वर्षी त्यानं सिंगापूरची वसाहत वसवली, म्हणून तो जगाला माहीत आहे. पण या गृहस्थाला प्राणी, पक्षी आणि झाडं गोळा करण्याचं विलक्षण वेड होतं. सुमात्रातल्या प्राण्यांची त्यानं जी यादी तयार केली, त्यात सन बेअरचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. म्हणून आजही या जातीच्या शास्त्रीय नावापुढे ‘रॅफल्स, १८२१’ असं लिहितात.

गंमत अशी, की हे वर्णन करणाऱ्या माणसानं एक सन बेअर घरातच पाळलं होतं. त्याच्या लिहिण्यानुसार ते मुलांच्या खोलीत मुलांबरोबर वाढलं. त्याला साखळी लावायची गरज पडली नाही. ते जेवणाच्या टेबलावर यायचं, मँगोस्टीन खायचं आणि शँपेन प्यायचं! अस्वल रुसायचं ते फक्त शँपेन नसली की.

हा किस्सा आजही हौसेनं सांगितला जातो, आणि आहेच तो मजेदार. पण त्याच घराची दुसरी बाजूही सांगायला हवी. १८२१ ते १८२३ या काळात रॅफल्सच्या पाच मुलांपैकी चार मुलं बेंकूलेनमध्ये दगावली. १८२४ मध्ये तो इंग्लंडला परत निघाला, तर जहाजाला आग लागली आणि वर्षानुवर्षं जमवलेले नमुने, चित्रं, कागद सगळं जळून गेलं. तरी तो खचला नाही. लंडनला जाऊन त्यानं १८२६ मध्ये प्राणिशास्त्राची संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. पुढे लंडनचं प्रसिद्ध प्राणिसंग्रहालय सुरू केलं ते याच संस्थेनं. रॅफल्स स्वतः मात्र त्याच वर्षी वारला.

मला रॅफल्सला खलनायक ठरवायचं नाही. त्याच्या काळात ‘जंगल संपेल’ ही कल्पनाच कुणाच्या डोक्यात नव्हती. माझा मुद्दा वेगळा आहे. टेबलावर बसणारं ते अस्वल मुलांच्या खोलीत कसं आलं असेल? सन बेअरची मादी सहसा एकाच पिल्लाला जन्म देते आणि दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ ते पिल्लू आईच्या मागे मागे फिरतं. आई आपणहून पिल्लू देत नाही. या जातीचं पिल्लू माणसाच्या हातात येतं ते बहुतेक वेळा आई मेल्यावरच. किस्से सांगताना ही ओळ गळून जाते.

१८२५ मध्ये थॉमस हॉर्सफील्ड या संशोधकानं या अस्वलांना ‘हेलार्क्टोस’ हे नाव दिलं. ग्रीक भाषेत ‘हेलिओस’ म्हणजे सूर्य आणि ‘आर्क्टोस’ म्हणजे अस्वल. त्यासाठी त्यानं ज्या बोर्निओच्या अस्वलाचा अभ्यास केला, ते बोर्निओत नव्हतंच. ते लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर, एक्सेटर चेंज नावाच्या इमारतीतल्या तिकीट लावून चालणाऱ्या पशुप्रदर्शनात पिंजऱ्यात होतं. म्हणजे विज्ञानाला सन बेअर पहिल्यांदा भेटलं ते एक जेवणाच्या टेबलावर आणि दुसरं पिंजऱ्यात. जंगलात ते कसं जगतं, काय खातं, किती फिरतं, याचा नीट अभ्यास व्हायला पुढे पावणेदोनशे वर्षं लागली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मधल्या काळात काय झालं? जंगलं तुटली. बोर्निओच्या उत्तर टोकाला मलेशियाचं साबा राज्य आहे. तिथं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इमारती लाकडासाठी प्रचंड तोड झाली आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर तेलताडाच्या बागा आल्या. तेच पाम तेल आपल्या बिस्किटात आणि फरसाणात असतं. रस्ते झाले, की शिकारी आत पोचतात. आणि अस्वलाचे तर अवयवही विकले जातात. त्याचं पित्त पारंपरिक चिनी औषधात वापरतात, पंजांचं सूप करतात. पित्तातलं जे उपयोगी द्रव्य आहे, त्याचं नाव अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल. ते कारखान्यात कित्येक दशकांपासून बनतंय. आपल्याकडेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानात त्याच्या गोळ्या मिळतात. तरीही खऱ्या अस्वलाचं पित्त म्हटलं, की गिऱ्हाईक असतंच. सन बेअर १९७९ पासून सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा व्यापारासाठी देशाबाहेर व्यवहार करायला बंदी. पण कागदावरची बंदी जंगलातल्या फासकीला वाचता येत नाही.

आई मारली जाते, पिल्लू उरतं. पिल्लू गोंडस असतं, म्हणून कुणीतरी घरी नेतं. वर्षभरात नखं वाढतात, जबडा वाढतो, सोफा फाटतो आणि मग त्याच गोंडस पिल्लाची रवानगी मागच्या अंगणातल्या लोखंडी पिंजऱ्यात होते. तिथं ते वीस-पंचवीस वर्षं काढू शकतं.

ही गोष्ट फक्त तिकडची आहे असं समजू नका. आपल्या आजी-आजोबांना विचारा, दारावर दरवेशी यायचा का? अस्वलाच्या नाकातून वेसण ओवलेली, हातात डमरू. लहान मुलाला अस्वलाच्या पाठीवर बसवलं की मूल घाबरत नाही, असं मानायचे. अस्वलाचा केस ताइतात घालून गळ्यात बांधायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतरही हे खेळ कित्येक वर्षं चालू होते. मग वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेनं ही अस्वलं सोडवायला सुरुवात केली. आग्र्याजवळ त्यांच्यासाठी केंद्र उभं राहिलं, आणि २००९ मध्ये शेवटच्या नाचणाऱ्या अस्वलाची सुटका झाली. सहाशेहून जास्त अस्वलं यातून बाहेर आली. यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे कलंदर समाजातल्या कुटुंबांना पर्यायी रोजगारासाठी मदत केली गेली. नुसतं अस्वल जप्त करून निघून गेले असते, तर पोट भरायला दुसरं पिल्लू आणलं गेलंच असतं.

पण या यशोगाथेत एक वाक्य आहे, त्यानं मला खूप वेळ विचारात पाडलं. ही अस्वलं जंगलात परत जाऊ शकली नाहीत. दात पाडलेले, नाकाला जखमा, लहानपणापासून माणसाच्या तालावर वाढलेली. त्यांना सुरक्षित निवारा मिळाला, जेवण मिळालं, झाडांची सावली मिळाली. जंगल नाही मिळालं. सुटका आणि परतणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी इतकी अवघड का, हे समजायचं असेल तर पुन्हा बोर्निओत जाऊ.

प्राण्यांना परत जंगल शिकवण्याची कल्पना बोर्निओत आधी आली ती ओरांगउटानच्या निमित्तानं. १९५० च्या दशकात सारावाकमधल्या कुचिंग गावी बार्बरा हॅरिसन या बाईंनी जप्त केलेली ओरांगउटानची पिल्लं घरी वाढवायला घेतली आणि त्यांच्या लक्षात आलं, की यांना नुसतं जगवून उपयोग नाही, झाडावर चढणंही शिकवावं लागेल. त्याच विचारातून १९६४ मध्ये साबातल्या सेपिलोक इथं ओरांगउटान पुनर्वसन केंद्र सुरू झालं. जगभरातून पर्यटक आले, माहितीपट झाले. सन बेअर त्याच जंगलात राहत होतं, पण त्याच्यासाठी असं काही व्हायला आणखी ४४ वर्षं लागली.

अस्वलांसाठी पहिली मोठी हाक दिली ती एका सामान्य गृहिणीनं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मेरी हटन यांनी टीव्हीवर पित्तासाठी पिंजऱ्यात कोंडलेली अस्वलं पाहिली, सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि १९९५ मध्ये ‘फ्री द बेअर्स’ ही संस्था काढली. कंबोडियात त्यांनी सन बेअरसाठी मोठं आश्रयस्थान उभं केलं. आपल्याकडची नाचणारी अस्वलं सोडवण्याच्या कामातही या संस्थेचा हात होता. पण इथंही बहुतेक अस्वलं आश्रयालाच राहिली. कारण सोडायचं कुठं आणि कसं, हे कुणालाच धड माहीत नव्हतं. आठवतोय ना तो पावणेदोनशे वर्षांचा आकडा? ज्या प्राण्याचं जंगलातलं आयुष्यच माहीत नाही, त्याला जंगल शिकवणार काय?

ही पोकळी भरायला १९९० च्या दशकाच्या अखेरीस दोन माणसं बोर्निओच्या दोन टोकांना काम करत होती. उत्तरेला, साबामध्ये, वाँग स्यू ते. मूळचा मलेशियातल्या पेनांगचा, शिकायला आधी तैवानला आणि मग अमेरिकेतल्या माँटाना विद्यापीठात गेलेला. दक्षिणेला, इंडोनेशियाच्या पूर्व कालिमंतानमध्ये, गाब्रिएला फ्रेडरिक्सन ही डच संशोधक.

वाँगनं उलू सेगामाच्या जंगलात सहा सन बेअर पकडून त्यांना रेडिओ कॉलर लावले. आणि त्याला दिसलं ते धक्कादायक होतं. ऑगस्ट १९९९ ते सप्टेंबर २००० या काळात त्या जंगलात चक्क दुष्काळ पडला होता. पाण्याचा नाही, फळांचा. बोर्निओतले प्रचंड मोठे डिप्टेरोकार्प वृक्ष दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षांच्या अंतरानं सगळे एकदम फळतात आणि मग पुन्हा लांबलचक रिकामा काळ. त्या काळात अस्वलाला उंबर-वडाच्या कुळातली फळं आणि किडे यावर भागवावं लागतं. वाँगनं पकडलेली सहाच्या सहा अस्वलं खंगलेली निघाली. त्यातली दोन पुढे मेलेली सापडली. ही जंगलात जन्मलेली, आईच्या हाताखाली शिकलेली अस्वलं होती. तिथं बाटलीनं दूध पिऊन वाढलेल्या पिल्लाची काय कथा?

फ्रेडरिक्सनचा अनुभवही तितकाच कठोर. तिच्या सुंगाई वाइन जंगलाचा मोठा भाग १९९८ च्या एल निनोच्या आगीत जळाला. कॉलर लावलेल्या एका मादीचा सिग्नल तिला एका ठिकाणाहून मिळाला, तो जवळपास सात मीटर लांब अजगराच्या पोटातून येत होता! २३ किलोचं अस्वल त्यानं अख्खं गिळलं होतं. तिनं हा शोधनिबंध २००५ मध्ये ज्या नियतकालिकात छापला, त्याच्या नावात ‘रॅफल्स’ आहे. शँपेन पिणाऱ्या अस्वलाच्या मालकाचं नाव शेवटी इथं येऊन भेटतं.

फ्रेडरिक्सननं जप्त केलेली अस्वलं जंगलात सोडण्याचेही सुरुवातीचे प्रयत्न केले. त्यातून कळीचा प्रश्न समोर आला. अस्वल खायला शिकतं, चढायला शिकतं. पण माणसाच्या हातून वाढलेलं अस्वल माणसाला घाबरत नाही. ते गावाकडे येतं. आणि गावात आलेल्या अस्वलाचं काय होतं, हे विदर्भातल्या किंवा बुलढाण्यातल्या कुणालाही विचारा. एकतर माणूस जखमी होतो, नाहीतर अस्वल मारलं जातं, कधी दोन्ही.

मग पिल्लाला वाढवायचं कसं? यावर जगात दोन मतं होती. रशियात वालेंतिन पाझेत्नोव्ह या जीवशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात तपकिरी अस्वलाच्या पिल्लांबरोबर स्वतः जंगलात राहून, फिरून त्यांचा अभ्यास केला होता. पुढे १९९० पासून अनाथ पिल्लं वाढवताना त्यानं उलट मार्ग धरला: माणसाचा संपर्क कमीत कमी. पिल्लांशी बोलायचं नाही, लाड करायचे नाहीत, खाणं ठेवायचं आणि निघून जायचं. तपकिरी अस्वलाच्या बाबतीत हे चांगलं जमलं, पिल्लं काही महिन्यांत जंगलात गेली.

सन बेअरचं तसं नाही. त्याला आईची साथ दोन वर्षांहून अधिक लागते. कुठल्या झाडाच्या ढोलीत मधमाश्या असतात, कुठलं फळ कधी पिकतं, झाडावर फांद्या मोडून झोपायला घरटं कसं करायचं, हे पहिल्या हिवाळ्यात उरकणारं शिक्षण नाही. आणि बोर्निओत हिवाळाच नाही, म्हणून शीतनिद्राही नाही. मग माणसालाच आई व्हावं लागतं. रोज सकाळी पिल्लाला घेऊन जंगलात जायचं, ते ओंडका फोडतंय तोवर डास मारत बसायचं, ते झाडावर चढून दोन तास उतरलं नाही तर खाली थांबायचं. आणि हे करताना मनात पक्कं ठेवायचं, की शेवटी याला आपला कंटाळा आला पाहिजे.

वाँगनं २००८ मध्ये साबाचं वन्यजीव खातं, वनखातं आणि लीप या संस्थेच्या साथीनं सेपिलोकला, ओरांगउटान केंद्राच्या शेजारीच, बोर्निओ सन बेअर संवर्धन केंद्र सुरू केलं. सन बेअरसाठी वाहिलेलं असं हे जगातलं एक मोजकं ठिकाण. २०१४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. आज तिथं चाळीसहून जास्त अस्वलं आहेत. काही पिल्लू असतानाच आलेली, काही आयुष्याचा मोठा भाग पिंजऱ्यात काढलेली.

तिथली पद्धत थोडक्यात सांगतो. नवीन अस्वल आलं, की आधी विलगीकरण आणि तपासणी. मग हळूहळू इतर अस्वलांशी ओळख. मग एक दिवस दार उघडतं आणि पलीकडे विजेच्या कुंपणानं घेरलेलं खरं जंगल असतं. आपल्याला वाटतं, अस्वल धावत सुटेल. तसं होत नाही. ज्याच्या पायाला जन्मभर फक्त सिमेंट लागलंय, ते मातीवर पाऊल टाकायला घाबरतं. काही अस्वलं उघड्या दारातून दिवसच्या दिवस, काही तर महिनोन्महिने, बाहेर पडत नाहीत. कर्मचारी उंबऱ्यावर खाऊ ठेवतात, मग थोडा पुढे, मग आणखी थोडा पुढे. कुणी ढकलत नाही. एक पंजा बाहेर येतो, मागे जातो. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण हाच.

याच केंद्रातल्या २२ अस्वलांचा अभ्यास करून २०१९ मध्ये एक शोधनिबंध आला. खेळताना समोरचं अस्वल तोंडाची जशी ठेवण करतं, तशीच्या तशी दुसरं अस्वल करतं. असली सूक्ष्म नक्कल माणसं आणि वानरं करतात असं मानलं जायचं. आणि इथं तर जंगलात बहुतेक एकटं राहणारा प्राणी ती करत होता! आपण ‘माणसासारखं’ म्हणतो ते त्याच्या उभं राहण्यावरून. खरं साम्य असलंच तर ते इथं आहे, आणि ते त्यांचं एकमेकांशी आहे, आपल्याला दाखवण्यासाठी नाही.

आता नॅटली. २०१० मध्ये ती केंद्रात आली तेव्हा अगदी लहान पिल्लू होती, आई शिकाऱ्यांनी मारलेली. तिला रोज जंगलात फिरवलं गेलं. ती चढायला शिकली, वाळवी शोधायला शिकली, आणि वयात येताना माणसांपासून लांब राहायलाही शिकली. मे २०१५ मध्ये, पाच वर्षांची झाल्यावर, तिला हेलिकॉप्टरनं ताबिन अभयारण्याच्या आतल्या भागात नेऊन सोडलं. केंद्रातून जंगलात परत गेलेलं हे पहिलं सन बेअर. गळ्यात उपग्रहाशी जोडलेला कॉलर. ताबिन का? ते सुमारे १ लाख २० हजार हेक्टरचं संरक्षित जंगल आहे, आणि आतला भाग वस्तीपासून दूर आहे. नॅटलीनंतरही काही अस्वलं गेली. पण केंद्रात राहणाऱ्यांच्या मानानं तो आकडा लहानच आहे, आणि राहील. ज्यांची नखं काढली गेली, जी पिंजऱ्यात सतत एकाच लयीत मान हलवत राहिली, ज्यांना माणूस दिसला की खाऊ आठवतो, त्यांना सोडणं म्हणजे मारणं.

मग प्रश्न पडतोच: एका अस्वलासाठी पाच वर्षं, हेलिकॉप्टर, कॉलर, एवढा खर्च. त्याच पैशात जंगल राखलं असतं तर? हा प्रश्न मला खोटा वाटत नाही. संवर्धनाच्या क्षेत्रातली शहाणी माणसंही तो विचारतात. हिशेबानं बघितलं तर एक फासकी काढणं हे एक पिल्लू वाढवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. पण मला वाटतं, पुनर्वसनानं एक गोष्ट केली जी आधी कुणी केली नव्हती. आई नसलेल्या पिल्लाला जंगल शिकवायला लागल्यावरच माणसाला कळलं, की आई काय काय शिकवत होती. आणि सोडायची वेळ आली, तेव्हाच कळलं की सोडण्याजोगं जंगल किती थोडं उरलंय. फळं पुरतील असं, शिकारी नसतील असं, गाव लांब असेल असं, आणि आधीच दुसऱ्या अस्वलांनी भरलेलं नसेल असं. नकाशावर बोट ठेवायला गेलं, की बोट ठेवायला जागा कमी पडते.

सन बेअरचं तिथलं काम बघितलं तर ही जागा का राखायची तेही कळतं. ते मधासाठी झाडाला भगदाड पाडतं आणि पुढे त्याच ढोलीत धनेश पक्षी किंवा उडणाऱ्या खारी राहू शकतात. फळं खाऊन बिया लांबवर टाकतं. वाळवी खाऊन झाडं वाचवतं. माती उकरून उलटीपालटी करतं. पगार नसलेला वनमजूरच म्हणा ना.

आपल्याकडेही हे काम चालू आहे, हे मुद्दाम सांगतो. अरुणाचल प्रदेशातल्या पक्के व्याघ्र प्रकल्पात २००२ पासून अस्वल पुनर्वसन केंद्र आहे. वन विभाग आणि वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया यांचं. तिथं प्रामुख्यानं हिमालयीन काळ्या अस्वलाची पिल्लं येतात. त्यांना सांभाळणारी माणसं त्यांना असंच रोज जंगलात फिरवतात, आणि एक दिवस पिल्लू परत येत नाही. तेव्हा त्या माणसाला कसं वाटत असेल, याचा विचार मी बऱ्याचदा करतो. लेक सासरी जाताना आपल्याकडे रडतात तरी, आणि ती सणाला परत येते. इथं परत न येणं हीच कामाची पावती.

आणि इथं आपला, म्हणजे फोनवाल्यांचा, संबंध येतो. आपल्याला जे दिसतं ते आवडतं. बाटलीनं दूध पिणारं अस्वलाचं पिल्लू दिसतं, कपडे घातलेलं दिसतं, मांडीवर झोपलेलं दिसतं. लाखो लाइक मिळतात आणि कुणाला तरी वाटतं, आपल्याकडेही असावं एक. यशस्वी पुनर्वसनाचा व्हिडिओ मात्र कंटाळवाणा असतो: पिंजऱ्याचं दार उघडतं, एक काळा ठिपका झुडपात शिरतो, संपलं. पुढचं काहीच दिसत नाही. ठरल्या मुदतीनं कॉलरही गळून पडतो किंवा बंद होतो, मग नकाशावरचा बिंदूही नाही.

म्हणून एवढंच सुचवतो. पुढच्या वेळी फीडमध्ये माणसाच्या कुशीतलं रानटी पिल्लू आलं, तर शेअर करण्याआधी एकच प्रश्न विचारा: याची आई कुठंय? व्हिडिओत उत्तर असेल, ते केंद्र खरंखुरं असेल, पिल्लू परत पाठवायची तयारी चालली असेल, तर खुशाल पुढे पाठवा. उत्तर नसेल, तर अंगठा वर सरकवून पुढे जा. रॅफल्सच्या पाहुण्यांना हा प्रश्न सुचला नाही, त्यांना दोष देऊन काही उपयोग नाही. आपल्याला सुचू शकतो.

तुमच्या घरात कुणाला दरवेशी आणि अस्वल आठवत असेल, तर त्यांच्याशी बोला आणि जमलं तर रेकॉर्ड करून मला पाठवा. कुठल्या गावी, कुठल्या साली, अस्वल कसं दिसायचं, दरवेशी काय सांगायचा. हा इतिहास अजून पुस्तकात फारसा आलेला नाही आणि तो आठवणारी माणसं कमी होत चाललीत. पुढच्या भागात त्यातल्या काही आठवणी घेऊ. तोवर नमस्कार.